एक्सपायर झालेली डोमेन घेताय? आधी दहा गिऱ्हाईकं कागदावर लिहा

विश्रामबाग, मिरज, तासगाव, जिकडं जाईल तिकडं हल्ली पोरं मला एकच विचारतात, दादा एक्सपायर झालेली डोमेन, म्हंजे मुदत संपलेले वेबसाइटचे पत्ते, घेऊन विकायची म्हणतात त्यात खरंच पैसे आहेत का आणि सुरुवात कुठून करायची. प्रत्येकाला तासभर फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच काढतो. मी हे सहा वर्षं करतोय, नोकरी सांभाळून, संध्याकाळी जेवण झाल्यावर. पैसे आहेत, पण ते सावकाश येतात, आणि नावं चुकीची घेतली तर रिन्यूअलच्या, म्हंजे मुदत वाढवायच्या पैशाच्या, रूपानं दरवर्षी गुपचूप जात राहतात.

आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आठवा. जमिनीत खोल खणलेली, हळद आत टाकायची, तोंड बंद करायचं आणि भाव आला की काढायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. डोमेनचा धंदा जवळपास तसाच आहे, माल घ्यायचा, ठेवायचा, योग्य गिऱ्हाईक येईपर्यंत थांबायचं. फक्त इथं पेवाचं भाडं दर वर्षी डॉलरमध्ये भरावं लागतं, त्यामुळं काय आत टाकतोय ह्याला सगळं महत्त्व.

नाव एक्सपायर झालं की नक्की काय होतं

डोमेन कुणाच्या कायमच्या मालकीचं नसतं, भाड्यानं असतं, हे आधी पक्कं बसू द्या. एका वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षांचं भाडं भरता येतं. डॉट कॉमसारख्या नावांची मुदत संपायच्या आधी रजिस्ट्रारनं, म्हंजे नावं विकणाऱ्या कंपनीनं, साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक मेल पाठवायची, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत अजून एक, असा आयकॅनचा, म्हंजे जगभरच्या डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेचा, नियमच आहे. तरी नावं जातात. आपल्याकडं त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, वेबसाइट करून देणाऱ्या पोरानं नाव स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं, पोरगं पुण्याला नोकरीला जातं, तो ईमेल कुणी बघत नाही आणि दुकानदाराला कळतं ते साइट बंद पडल्यावर.

मुदत संपली म्हणून नाव लगेच सुटत नाही. डॉट कॉमचं धरून सांगतो. आधी सवलतीचे दिवस असतात, जास्तीत जास्त ४५, त्यात किती दिवस द्यायचे ते रजिस्ट्रार ठरवतो आणि मालकाला नाव रिन्यू करता येतं. त्यानंतर नाव डिलीट झालं की ३० दिवस रिडेम्पशन, म्हंजे जुना मालक अजूनही परत घेऊ शकतो पण दंड भरून, आणि तो दंड बऱ्याच ठिकाणी सात-आठ हजारांच्या घरात जातो. मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, ह्यात कुणालाच काही करता येत नाही, मालकालापण नाही. आणि मग नाव मोकळं होतं, त्याला ड्रॉप म्हणतात. डॉट कॉमची रजिस्ट्री, म्हंजे सगळ्या नावांची मूळ नोंदवही, व्हेरिसाइन ह्या कंपनीकडं आहे आणि तिथला रोजचा ड्रॉप आपल्या घड्याळानं उन्हाळ्यात रात्री साडेअकराच्या आणि थंडीत साडेबाराच्या सुमाराला चालू होतो. डॉट इन आणि डॉट भारत निक्सी ह्या भारतातल्या संस्थेकडं असतात.

आता नवीन माणसाला वाटतं, रात्री जागायचं आणि नाव सुटलं की पटकन टाइप करून घ्यायचं. असं चांगलं नाव कधीच मिळत नाही. ड्रॉप पकडणाऱ्या कंपन्या आहेत, एकेकीकडं शेकडो रजिस्ट्रारचे परवाने, आणि त्यांचे कॉम्प्युटर सेकंदाच्या आत रजिस्ट्रीवर मागण्यांचा मारा करतात. आपलं बोट कीबोर्डवर पडायच्या आधी नाव गेलेलं असतं. त्यात अजून एक, बरीच चांगली नावं ड्रॉपपर्यंत पोचतच नाहीत, मोठे रजिस्ट्रार सवलतीच्या दिवसांतच ती स्वतःच्या लिलावात लावतात.

म्हणून दारं तीनच. पहिलं, रजिस्ट्रारचा लिलाव, गोडॅडी ऑक्शन्स किंवा नेमजेट सारखा. दुसरं बॅकऑर्डर, म्हंजे ड्रॉपकॅच, स्नॅपनेम्स अशा ठिकाणी आधीच नाव सांगून ठेवायचं, पकडलं तरच पैसे, आणि दोघातिघांनी सांगितलेलं असलं तर पुन्हा आपसात बोली. तिसरं, लिलावात कुणी हात न लावलेली किंवा ड्रॉप होऊन पडून राहिलेली नावं, जी क्लोजआउटमध्ये काही डॉलरला किंवा साध्या रजिस्ट्रेशनच्या दरात मिळतात. पहिलं वर्षभर तिसऱ्याच दारात उभं राहा असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं स्वस्तात डोळा तयार होतो, आणि डोळा तयार व्हायच्या आत लिलावात उतरलात तर दुसऱ्यांच्या उत्साहात आपले पैसे जातात.

खातं, कार्ड, यादी

हे पटकन सांगतो. दोनच रजिस्ट्रारकडं खाती काढा, दहा ठिकाणी नको, नंतर तारखा सांभाळताना जीव जातो. टू फॅक्टर, म्हंजे पासवर्डबरोबर कोडपण लागेल असं, चालू करा. कार्डाचा इंटरनॅशनल ऑनलाइन वापर बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागतो आणि लिमिट पण तिथंच लावा, ते लिमिट हाच तुमचा लगाम. किमतीवर रजिस्ट्रारचं कमिशन, टॅक्स, बँकेचा परकीय चलनाचा चार्ज असं काय काय चढत जातं, त्यामुळं दहा डॉलर दिसले तरी हजार-बाराशे धरून चला.

यादीसाठी एक्सपायर्डडोमेन्स डॉट नेट फुकट आहे. रोज लाखभर नावं बघू नका, वेड लागेल. फिल्टर लावा, डॉट कॉम आणि डॉट इन, डॅश नको, आकडे नकोत, पंधरा अक्षरांच्या आत. मग उरलेल्यातनं डोळ्यानं चाळा. आणि विषय एकच धरा जो तुम्हाला माहीत आहे. आपल्या भागातल्या माणसाला द्राक्ष, बेदाणा, हळद, साखर कारखाने, ठिबक, कोल्ड स्टोरेज ह्यातलं गिऱ्हाईक कोण आणि त्याला काय लागतं हे अमेरिकेतल्या डोमेनवाल्यापेक्षा जास्त कळतं. हा फायदा फुकट मिळालाय, तो वापरा.

हळकुंड मोडून बघा

मार्केट यार्डात सौद्याला गेलात तर व्यापारी काय करतो, हळकुंड उचलतो, मोडतो आणि आतला रंग बघतो. वरनं पॉलिश केलेलं सगळंच चांगलं दिसतं. डोमेनचं आत बघायची बरीच साधनं फुकट आहेत आणि ह्या कामाला नावामागं पंधरा मिनिटं लागतात, ती कधीच वाचवू नका.

पहिलं, वेबॅक मशीन. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून वेबसाइटांच्या प्रती साठवतंय. नाव टाका आणि वर्षावर्षाची पानं उघडून बघा, नुसता शेवटचा फोटो बघून उठू नका. मी पहिल्याच वर्षी एक नाव चौदा हजाराला घेतलं होतं, दुसऱ्या साइटांवरनं आलेल्या लिंका भरपूर, आकडे झकास, शेवटच्या दोन वर्षांची पानंपण स्वच्छ. त्याच्या आधीची तीन वर्षं मी उघडलीच नाहीत. तिथं परदेशी भाषेतली सट्ट्याची साइट चालली होती. नाव एका शिक्षणसंस्थेला द्यायचं जवळपास ठरलं होतं, त्यांच्या कॉम्प्युटरच्या सरांनी दहा मिनिटांत ती पानं काढून दाखवली आणि विषय तिथंच संपला. ते चौदा हजार परत आले नाहीत.

म्हणून पानांमध्ये काय शोधायचं तर जुगार, औषधांची दुकानं, नकली बुटं-घड्याळं, अश्लील मजकूर, आणि मधूनच अचानक बदललेली भाषा. मराठी शाळेची साइट आणि मधेच एक वर्ष जपानी अक्षरं दिसली तर समजा कुणीतरी ते नाव स्पॅमसाठी वापरून फेकलंय. मग धोकादायक साइटा दाखवणाऱ्या गुगलच्या सेफ ब्राउझिंगच्या पानावर नाव तपासा. स्पॅमहॉसच्या, म्हंजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या, यादीत आहे का बघा, कारण तिथं असलं तर नवीन मालकाच्या मेल लोकांपर्यंत पोचणार नाहीत, आणि धंदेवाल्याला साइटपेक्षा मेल जास्त लागते. शेवटी लिंका. लिंका मोजणाऱ्या एचरेफ्स किंवा मॅजेस्टिकमध्ये किती लिंका आहेत ह्यापेक्षा कुठल्या शब्दांवरनं आहेत ते वाचा. खरा धंदा असतो तेव्हा लिंकवर त्या धंद्याचं नाव असतं, गावाचं नाव असतं. शंभर लिंका एकाच विचित्र शब्दावर असल्या तर त्या विकत घेतलेल्या आहेत.

डीए किती, ट्रस्ट फ्लो किती, असल्या साइटला दिलेल्या गुणांवर किंमत सांगणारे लई भेटतील. हे आकडे त्या त्या कंपनीचे स्वतःचे आहेत, गुगलचे नाहीत. आणि मार्च २०२४ मध्ये गुगलनं स्पॅमच्या नियमांत एक्सपायर्ड डोमेनचा गैरवापर हा वेगळा मुद्दाच घातला, जुनं नाव घ्यायचं आणि त्याच्या जुन्या पुण्याईवर भलताच निकृष्ट मजकूर वर चढवायचा हे त्यांनी सरळ स्पॅम ठरवलं. त्यामुळं मी लिंकांसाठी नाव घेणं सोडून दिलंय. नाव नाव म्हणून चांगलं असेल तरच घ्यायचं.

ट्रेडमार्क, आणि गावातली दुकानं

इथं मला मनापासून सांगायचंय. एखाद्या कंपनीचं, ब्रँडचं, नटाचं, पुढाऱ्याचं नाव सुटलेलं दिसलं की हात शिवशिवतात, पण ते घेऊ नका. सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स ह्या केसमध्ये डोमेनच्या नावालापण ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं सांगितलंय. नावाच्या तंट्याचा निकाल लावायला डॉट कॉमसाठी यूडीआरपी आहे, १९९९ पासून, डॉट इनसाठी आयएनडीआरपी. तिथं हरलात तर नाव जातं आणि तुम्ही दिलेले पैसे कुणी परत देत नाही. सरकारच्या ट्रेडमार्क सर्चवर नाव टाकून बघायला पाच मिनिटं लागतात. आपल्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्यामुळं सांगली आणि हळद जोडून केलेलं नाव साधं वाटलं तरी त्याच्यावर दुसरीकडची हळद कुणी विकली तर भानगड होऊ शकते. असल्या नावापासून मी लांब राहतो.

आणि ओळखीच्या, शेजारच्या, आपल्याच जिल्ह्यातल्या चालू दुकानाचं नाव यादीत दिसलं तर त्यांना फोन करा. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या भांड्यांच्या दुकानाचं नाव मला लिलावाच्या यादीत दिसलं, मी गाडी काढून गेलो, काका म्हणाले आमची साइट बंद आहे होय, आम्हाला वाटलं नेट गेलंय. रजिस्ट्रारला लॉगिन कुणाचं हे शोधण्यात एक दिवस गेला पण नाव वाचलं, साध्या रिन्यूअलच्या पैशात. ते नाव मी घेतलं असतं आणि वीस हजार मागितले असते तर त्यांनी दिलेपण असते कदाचित. पण त्या पेठेतनं मला नंतर मान खाली घालून जावं लागलं असतं. आज त्या काकांच्या ओळखीतनं माझ्याकडं तीन दुकानांच्या डोमेनच्या तारखा सांभाळायचं काम आहे.

भाव कसा काढायचा

आता मुख्य गोष्ट. नावाला स्वतःची अशी किंमत नसते, एखाद्याला त्याची किती गरज आहे त्याला किंमत असते. म्हणून माझा नियम, नाव घेण्याआधी कागदावर दहा गिऱ्हाईकं लिहायची. खरी. अमुक कंपनी, तमुक गावची, सध्या अशा लांबलचक नावाची साइट वापरते, त्यांना हे छोटं नाव लागेल. दहा लिहिता आली तर पुढं जायचं. तीनवर पेन थांबलं तर नाव कितीही गोड असू दे, सोडायचं.

मग नेमबायो उघडा, तिथं विकल्या गेलेल्या नावांच्या किमती असतात. तुमच्या नावातला मुख्य शब्द टाका आणि तसल्याच डॉट कॉमचे गेल्या काही वर्षांतले सौदे बघा. डॉट कॉमचा भाव डॉट इनला लावू नका. आणि २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला गेलं ह्याचा तुमच्या नावाशी काही संबंध नाही, असल्या बातम्या वाचून भाव ठरवणारी माणसं दरवर्षी रिन्यूअल भरत बसतात. ऑटोमॅटिक किंमत सांगणारी साधनं आहेत, गोडॅडीचं आहे, एस्टीबॉट आहे, त्यांचा आकडा बघा पण त्यावर बोली लावू नका. त्या मशीनला तासगावात किती कोल्ड स्टोरेज आहेत ते माहीत नसतं.

भाव दोन असतात हेपण लक्षात घ्या. एक डोमेनवाला दुसऱ्या डोमेनवाल्याला देतो तो, आणि दुसरा ज्याला ते नाव बोर्डावर लावायचंय तो देतो. यार्डातला क्विंटलचा भाव आणि किराणा दुकानातल्या शंभर ग्रॅमच्या पुडीचा भाव ह्यात जेवढं अंतर तेवढं, कधी त्याहून जास्त. लिलावात तुम्ही पहिल्या भावानं घेत असाल तरच परवडतं.

मराठी शब्दांच्या बाबतीत एक मोठी अडचण आहे जी इंग्रजी गाईड वाचून कळत नाही. आपला शब्द रोमन अक्षरात कसा लिहायचा ह्यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. हळद घ्या, एच ए एल ए डी का एच ए एल ए डी ए, आणि निम्मी जनता तर हिंदी हल्दीच टाइप करणार. बेदाणाला मध्ये एक ए का दोन. फोनवर नाव सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं न विचारता बरोबर टाइप केलं तर ते नाव पास. मी घरात तीन माणसांना व्हॉइस मेसेज पाठवतो आणि टाइप करून पाठवायला सांगतो, तिघांनी सारखं पाठवलं तरच घेतो. देवनागरी नावं डॉट भारतमध्ये २०१४ पासून मिळतात, भाषेवरच्या प्रेमापोटी मी दोन ठेवलीत, पण पुनर्विक्रीसाठी घ्यायला मी अजून कुणाला सांगणार नाही, गिऱ्हाईक फार थोडं आहे.

आणि हा हिशेब वहीत करा. वीस नावं, प्रत्येकी बाराशे रिन्यूअल, वर्षाला चोवीस हजार. ह्या धंद्यातली जुनी माणसं सांगतात की शंभर नावांतनं वर्षाला एखाद-दुसरंच चांगल्या भावाला जातं. म्हंजे वीस नावांतनं तीन वर्षांत एक गेलं तरी बरं म्हणायचं, आणि तोपर्यंत बहात्तर हजार भाडं गेलेलं असतं. ते एक नाव बहात्तर हजाराच्या आत विकलं तर तोटाच आहे, खात्यात मोठी रक्कम आलेली दिसली तरी. म्हणून सुरुवातीला पाच नावांच्या वर जाऊ नका.

बोली

जास्तीत जास्त आकडा दुपारी ठरवायचा, कागदावर लिहायचा आणि रात्री तो बदलायचा नाही. सिस्टममध्ये तो आकडा एकदाच टाकून ठेवा, ती समोरच्याच्या पुढं जेवढं लागेल तेवढंच वाढवते. शेवटच्या मिनिटात बोली आली की बहुतेक लिलावांची वेळ आपोआप वाढते, त्यामुळं शेवटच्या सेकंदाला टाकून जिंकायची युक्ती तिथं चालत नाही. रजिस्ट्रारच्या लिलावात जिंकलं तरी जुना मालक ठराविक दिवसांपर्यंत रिन्यू करू शकतो, मग पैसे परत येतात आणि नाव येत नाही. असं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, त्याचं नाव त्याला मिळालं.

हातात आल्यावर

ऑटो रिन्यू, परवानगीशिवाय नाव हलू नये म्हणून डोमेन लॉक, आणि त्याच दिवशी वहीत किंमत, तारीख, बिल. पहिल्या विक्रीच्या आधीच एखाद्या सीएला भेटा, विक्रीच्या पैशावर टॅक्स आहे. नवीन रजिस्टर केलेलं डॉट कॉम साधारण ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडं हलवता येत नाही, गिऱ्हाईकाला तसं आधीच सांगा.

नाव टाइप केल्यावर रिकामं पान दिसू देऊ नका, विक्रीला आहे असं पान आणि शक्यतो किंमत लावा. आफ्टरनिक, सेडो ह्या डोमेनच्या बाजारांवर टाका, कमिशन साधारण १५ ते २५ टक्के जातं पण जगभरचं गिऱ्हाईक तिथं येतं. त्या दहा जणांना मात्र स्वतः मेल करा, एकेकाला वेगळी, चार ओळींची, त्यांच्या साइटचं नाव घेऊन. माझं कोल्ड स्टोरेजचं एक डॉट कॉम असंच गेलं, क्लोजआउटमध्ये अकरा डॉलरला घेतलेलं, दहातल्या नऊ जणांनी उत्तर दिलं नाही, नाशिककडच्या एकानं सव्वादोन वर्षांनी फोन केला आणि पंच्याऐंशी हजाराला व्यवहार झाला. त्यानं ती मेल जपून ठेवली होती.

पैसे आल्याशिवाय ऑथ कोड, म्हंजे नाव दुसरीकडं हलवायची किल्ली, कुणाला द्यायचा नाही. मोठी रक्कम असली तर एस्क्रो, म्हंजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडं. आणि एक फसवणूक नवीन माणसाला हमखास गाठते. मेल येते, तुमचं नाव लाखोंना घेतो, फक्त अमुक साइटवरनं किमतीचं सर्टिफिकेट काढून पाठवा. सर्टिफिकेटचे पैसे तुम्ही भरता, साइट त्यांचीच असते, गिऱ्हाईक गायब.

दर वर्षी जानेवारीत मी सगळी नावं छापून काढतो आणि प्रत्येकासमोर पुन्हा दहा गिऱ्हाईकं लिहायला बसतो. धंदे बंद होतात, कुणी दुसरं नाव घेतलेलं असतं, यादी बदलते. ह्या वर्षी सव्वीसपैकी सात नावांसमोर पाचच्या पुढं जाता आलं नाही, त्यांचं ऑटो रिन्यू त्याच रात्री बंद केलं.